उडालेल्या फाइली आणि फोटोरेक: परत मिळालं ते नक्की काय?

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करता करता हळूहळू लिनक्सकडे वळत असतील. कुणी पायथनसाठी, कुणी सिम्युलेशनसाठी, तर कुणी लॅबमधल्या संगणकावर आधीपासूनच उबुंटू आहे म्हणून. आज ना उद्या तुमच्या हातून एखादी फाइल उडेल. तेव्हा घाईघाईने शोधाशोध कराल आणि जे सल्ले मिळतील त्यांचा साचा ठरलेला असेल: टेस्टडिस्क टाका, फोटोरेक चालवा, एक्स्टअनडिलीट वापरून बघा, झालं काम. गेल्या वर्षी मी हे तिन्ही उद्योग केले. हा लेख म्हणजे त्या साधनांची आणि त्या सल्ल्यांची समीक्षा आहे, पण ज्याला परत मिळालेल्या फाइलीवरून उद्या प्रबंधात आलेख काढायचा आहे त्याच्या बाजूने केलेली. फोटो परत मिळाले म्हणून खूश होणारा माणूस आणि तुम्ही, दोघांची गरज वेगळी आहे.

आधी काय झालं ते सांगते. झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांची एक्सआरडी मोजमापं एका फोल्डरमध्ये होती, एकूण 186 फाइली. त्यात ‘ट्रायल’ने सुरू होणारी काही फालतू फोल्डरं होती, ती काढायची होती. ‘ट्रायल’ला लागून तारा टाकायचा, तर मधे एक स्पेस पडली. आता शेलच्या दृष्टीने त्या ओळीचा अर्थ झाला: ट्रायल काढ, आणि इथलं सगळं काढ. लक्षात घ्या, तारा म्हणजे काय हे ‘आरएम’ला कळतच नाही. शेल आधीच ताऱ्याच्या जागी सगळ्या फाइलींची नावं भरतं आणि ती यादी ‘आरएम’च्या हातात देतं. ते बिचारं सांगितलेलं काम करतं. ‘खात्री आहे का?’ वगैरे विचारत नाही, आणि रिसायकल बिन ही भानगड टर्मिनलमध्ये नसते.

आता त्या क्षणी डिस्कवर काय होतं, हे बहुतेक सल्ल्यांत एका ओळीत गुंडाळलेलं असतं: “डेटा तिथेच असतो, फक्त नाव जातं.” ही ओळ अर्धी खरी आहे आणि अर्ध्या खऱ्या ओळीनेच माझा पहिला तास वाया घालवला. उबुंटूवर सहसा एक्स्टफोर ही फाइल सिस्टीम असते. तिच्यात फाइलीचं नाव एका ठिकाणी, म्हणजे डिरेक्टरीत असतं. फाइलीची बाकी माहिती दुसरीकडे, आयनोडमध्ये असते. आयनोड म्हणजे फाइलीचा सातबारा समजा: मालक कोण, आकार किती, तारखा कोणत्या आणि डिस्कवरचे कोणते तुकडे हिच्या नावावर. गंमत म्हणजे या सातबाऱ्यावर फाइलीचं नाव नसतं. तुम्ही फाइल काढता तेव्हा डिरेक्टरीतली नोंद जाते. त्या आयनोडकडे बोट दाखवणारं दुसरं कुठलंच नाव उरलं नसेल आणि कुठल्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवली नसेल, तर आयनोडही मोकळा होतो. एक्स्टफोर तिथेच थांबत नाही. आयनोडमधला आकार शून्य करते आणि तुकड्यांच्या नोंदी पुसते. म्हणजे जमीन जागेवर आहे, पण उतारा कोरा. जुन्या एक्स्टटूच्या काळी उतारा तसाच राहायचा, म्हणून त्या काळचे ‘फाइल परत आणा’ सल्ले खरंच चालायचे. ते सल्ले अजून फिरतात, फाइल सिस्टीम मात्र कधीच बदलली. एक्स्टफोर 2008 मध्ये लिनक्स कर्नेलमध्ये स्थिर म्हणून आली.

टेस्टडिस्कची गोष्ट इथेच संपते. पार्टिशनचा तक्ता बिघडला, पूर्ण पार्टिशनच दिसेनासं झालं, तर हे साधन फार उपयोगी आहे. एकेक फाइल परत आणायची त्याची सोय मात्र फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस आणि एक्स्टटूसाठी आहे. पेनड्राइव्हवरची फाइल उडाली तर जरूर वापरा. एक्स्टफोरवरच्या माझ्या फाइलींसाठी त्याचा काही उपयोग नव्हता, आणि हे मला कळलं ते त्याच डिस्कवर ते इन्स्टॉल करून झाल्यावर.

हो, त्याच डिस्कवर. ही चूक मी केली, तुम्ही करू नका. मोकळी झालेली जागा संगणक कुठल्याही नव्या फाइलीला देऊ शकतो. सॉफ्टवेअर उतरवणं, ब्राउझर चालू ठेवणं, अगदी सल्ले शोधत बसणं, या सगळ्यात डिस्कवर काही ना काही लिहिलं जातं. फाइली घरच्या वेगळ्या पार्टिशनवर असतील तर ते पार्टिशन लगेच अनमाउंट करा किंवा फक्त-वाचनावर टाका. सगळं एकाच पार्टिशनवर असेल तर संगणक बंद करा, दुसऱ्याच्या संगणकावर लाइव्ह यूएसबी बनवा आणि त्यावरून सुरू करा. बंद करतानाही थोडं लिहिलं जातं, पण पुढे तासभर चालू ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मग बाहेरच्या डिस्कवर पूर्ण पार्टिशनची प्रतिमा काढा, डीडीरेस्क्यूने किंवा साध्या डीडीने, आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करा.

पण थांबा, संगणक बंद करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. ती फाइल या क्षणी कुठल्या चालू प्रोग्रॅमने उघडून धरली आहे का? धरली असेल तर ती गेलेलीच नाही. वर म्हटलं तसं, कुणीतरी उघडून धरलेली फाइल कर्नेल पुसत नाही. ‘एलएसओएफ’ला ‘प्लस एल वन’ हा पर्याय दिला की ज्यांचं नाव गेलंय पण ज्या अजून जिवंत आहेत अशा फाइलींची यादी मिळते. प्रोग्रॅमचा क्रमांक आणि फाइलीचा क्रमांक त्यातून घ्या, ‘प्रोक’ डिरेक्टरीत त्या प्रोग्रॅमच्या ‘एफडी’ फोल्डरमध्ये जा, आणि तिथून साध्या ‘सीपी’ने ती दुसरीकडे उतरवून घ्या. सिम्युलेशन चालू असताना त्याचीच आउटपुट फाइल उडवली असेल, तर हा उपाय रामबाण आहे. एकही बाइट न हरवता फाइल परत येते, आणि कुठून आली याबद्दल शंका राहत नाही. टेक्स्ट एडिटरांच्या बाबतीत मात्र हे सहसा चालत नाही, कारण ते फाइल वाचतात आणि बंद करून टाकतात. तरी एडिटरची खिडकी उघडी असेल तर मजकूर मेमरीत आहे, नव्या नावाने दुसऱ्या डिस्कवर जतन करा. ज्युपिटरचा टॅब उघडा असेल तर त्याला हात लावू नका. डेटाफ्रेम मेमरीत असेल तर आधी ती पेनड्राइव्हवर लिहून काढा. मी काय केलं? घाबरून सगळ्या खिडक्या बंद केल्या. त्यातल्या एका नोटबुकात निदान तीस-चाळीस वक्र भरलेले होते.

या उपायाला मी पहिला नंबर देते, आणि सल्ल्यांच्या याद्यांत तो बहुतेक वेळा तळाशी असतो किंवा नसतोच. कारण उघड आहे. त्यात कुठलं नवं सॉफ्टवेअर टाकायचं नाही, फक्त काय चाललंय ते समजून घ्यायचं आहे.

एक्स्टअनडिलीटची कल्पना हुशार आहे, हे आधी मान्य करते. एक्स्टफोर बदल करण्याआधी आपल्या जर्नलमध्ये आयनोडांच्या ठोकळ्यांच्या प्रती लिहिते. आयनोड 256 बाइटचा आणि ठोकळा 4096 बाइटचा असेल तर एका ठोकळ्यात सोळा आयनोड बसतात. म्हणजे शेजारच्या फाइलीत काही बदल झाला, तरी तुमच्या आयनोडची जुनी, न पुसलेली प्रत जर्नलमध्ये सापडू शकते. एक्स्टअनडिलीट ती शोधतं आणि तिच्यावरून तुकडे गोळा करतं. नशीब असेल तर नावासकट फाइल परत येते.

आता अडचणी. जर्नल गोल फिरतं, भरलं की जुन्यावर नवं लिहितं. त्यामुळे नुकत्याच बदललेल्या फाइलींचे उतारे त्यात असण्याची शक्यता जास्त, आणि सहा महिने न हलवलेल्या फाइलींचे कमी. संशोधकाच्या दृष्टीने हे उलटंच पडतं. मूळ मोजमापाची फाइल एकदा उतरवली की आपण तिला हात लावत नाही, लावूही नये. म्हणजे सगळ्यात मौल्यवान फाइल हीच सगळ्यात अवघड. दुसरं, एक्स्टअनडिलीटची शेवटची आवृत्ती 2013 ची. त्यानंतर एक्स्टफोरमध्ये आलेल्या काही सोयी त्याला समजत नाहीत, आणि नव्या डिस्कवर ते एक तर चूक दाखवून थांबतं किंवा गप्प राहतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात खटकली: मिळालेल्या फाइली ते तुम्ही जिथे उभे आहात त्याच फोल्डरमध्ये नवं फोल्डर बनवून टाकतं. घाबरलेला माणूस कुठे उभा असतो? बहुतेक वेळा त्याच डिस्कवर. माझ्या बाबतीत त्याने सात फाइली दिल्या, सगळ्या त्या आठवड्यातल्या. तेवढ्यासाठी त्याचे आभार. पण आज कुणी विचारलं तर मी त्याचं नाव पहिल्यांदा घेणार नाही.

राहिलं फोटोरेक. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे साधन या सगळ्यांत सर्वात प्रामाणिक आणि सर्वात जास्त गैरसमज झालेलं आहे. नावातच फोटो आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो परत आणण्यात त्याचा हात धरणारं दुसरं फुकट साधन मी पाहिलेलं नाही. ते फाइल सिस्टीमच्या भानगडीत फारसं पडत नाही. डिस्क सलग वाचत जातं आणि ओळखीच्या सह्या शोधतं. प्रत्येक जेपेग फाइलीची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, तशी पीडीएफची, झिपची. सही दिसली की तिथून फाइल कापून घ्यायची. उतारा कोरा असला तरी जमिनीवरच्या पिकावरून शेत ओळखण्यासारखं आहे हे. वापरताना त्याला ‘फक्त मोकळी जागा’ शोधायला सांगा. ‘पूर्ण पार्टिशन’ निवडलं तर ज्या फाइली उडालेल्याच नाहीत त्याही पुन्हा तुमच्या गळ्यात पडतात. मी तेच निवडलं होतं, अर्थात.

पण या पद्धतीला नाव, फोल्डर आणि तारीख मिळणं शक्यच नाही, कारण ती माहिती फाइलीच्या आत नसतेच. फोटोच्या आत कॅमेऱ्याने तारीख लिहिलेली असते, तशी काही सोय असेल तर गोष्ट वेगळी. बाकी सगळं ‘एफ’ आणि पुढे सेक्टरचा क्रमांक, या नावाने एका मोठ्या फोल्डरमध्ये पडतं. आणि साध्या मजकुराच्या फाइलीला, म्हणजे सीएसव्ही, टीएक्सटी, आपल्या यंत्रांमधून निघणाऱ्या दोन स्तंभांच्या फाइलींना, सहीच नसते. फोटोरेक मजकूर दिसतोय एवढ्यावर अंदाज बांधतं. कधी दोन फाइली जोडून येतात, कधी एक मधेच तुटते.

माझी डिस्क जुनी, फिरणारी होती, म्हणून एवढं तरी मिळालं. एसएसडी असती तर गोष्ट याआधीच संपली असती. उबुंटूसारख्या वितरणांत ‘एफएसट्रिम’ आठवड्यातून एकदा आपोआप चालतं आणि मोकळी जागा कुठली ते एसएसडीला कळवतं. त्यानंतर त्या जागी वाचायला गेलात की बहुतेक वेळा नुसती शून्यं मिळतात. तुमच्याकडे लॅपटॉप नवा असेल तर त्यात एसएसडीच असणार. तरी “फोटोरेक चालवा” म्हणणाऱ्या किती सल्ल्यांत हे वाक्य दिसतं ते बघा.

तर, हजारो मजकूर फाइली. त्यातून दोन स्तंभ असलेल्या, पहिल्या स्तंभात 20 ते 80 अंश असलेल्या वेगळ्या काढायला एक छोटी पायथन स्क्रिप्ट पुरली. 152 पूर्ण वक्र मिळाले. त्या रात्री मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं, वाचले गं! खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. कुठला वक्र कुठल्या सॅम्पलचा, हे फक्त फाइलीच्या नावात होतं. सॅम्पलचा क्रमांक, अ‍ॅनीलिंगचं तापमान, तारीख, सगळं नावात. आत नुसते आकडे. झिंक ऑक्साइडच्या अशा थरांत मुख्य शिखर 34.4 अंशांच्या आसपास येतं, सगळ्यांतच येतं. फरक असतो तो उंचीत आणि रुंदीत.

मी एक मार्ग शोधला आणि तो मला फार हुशारीचा वाटला. तापमान वाढलं की शिखर अरुंद होत जातं हे माहीत आहे. मग शिखराच्या रुंदीप्रमाणे वक्र लावायचे, सर्वात रुंद ते 300 अंश, सर्वात अरुंद ते 500. तक्ता सुंदर जमला. सरांना दाखवला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, “या प्रकरणात तुझा निष्कर्ष काय होता गं?”

“सर, तापमानाप्रमाणे शिखर अरुंद होतं.”

“आणि फाइलींना नावं कशावरून दिलीस?”

मी गप्प बसले. निष्कर्ष वापरून डेटाला नावं द्यायची आणि मग त्या डेटावरून तोच निष्कर्ष काढायचा. मी कुणाला फसवायला निघाले नव्हते, हे सर्वात वाईट. ते करताना मला कुठेही खटकलं नव्हतं.

मग मी दुसरा प्रयत्न केला: फोटोरेकच्या नावातल्या सेक्टर क्रमांकांवरून मोजमापाचा क्रम लावायचा. तोही टिकला नाही. एक्स्टफोर जागा क्रमाने देईल असं वचन देत नाही, आणि मी तर फाइली पेनड्राइव्हवरून एकगठ्ठा उतरवल्या होत्या. शेवटी कामाला आली ती हाताने लिहिलेली वही. तिच्यात काही मोजमापांसमोर सर्वोच्च काउंट लिहिलेला होता, नेमका आकडा. तो जुळला तर ओळख पक्की. असे 41 जुळले. एक्स्टअनडिलीटने नावासकट दिलेले सात धरून 48. बाकी वक्र आहेत, पण कोणाचे ते नाही.

म्हणून परत मिळवण्याच्या साधनांना मी तीन प्रश्न विचारते: फाइल पूर्ण आली का, ती तीच आहे हे कशावरून, आणि हे मी दुसऱ्याला दाखवू शकते का. सल्ल्यांच्या याद्या पहिल्याच प्रश्नावर थांबतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फाइल उडण्याआधीच तयार ठेवावं लागतं. आता माझ्या प्रत्येक फाइलीच्या पहिल्या काही ओळींत सॅम्पल, तापमान, तारीख आणि यंत्राच्या सेटिंग असतात. पहिली ओळ नेहमी एकाच ठरावीक शब्दाने सुरू होते. फोटोरेकमध्ये आपली स्वतःची सही नोंदवता येते, त्यामुळे तो शब्द ही माझ्या फाइलींची सही झाली. फाइलीचा शेवट कुठे हे त्याला अशा वेळी कळत नाही, मागे दुसऱ्या कशाचा तरी कचरा चिकटतो, पण सुरुवातीला ओळख असते. शिवाय प्रत्येक फाइलीचा शा-256 बेरीज-अंक एका वेगळ्या यादीत, आणि ती यादी वेगळ्या संगणकावर. परत आलेल्या फाइलीचा अंक जुळला तर वाद संपला.

यावर कुणी म्हणेल, एवढं सगळं कशाला, बॅकअप ठेवा. ठेवाच. पण तोही सल्ला अर्धाच आहे. क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये महासंगणकावरच्या सुमारे 3 कोटी 40 लाख फाइली, 77 टेराबाइट, उडाल्या. 14 संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांपैकी चार गटांचा डेटा परत आणता आला नाही. उडवल्या कोणी? बॅकअपच्याच प्रोग्रॅमने. जुन्या लॉग फाइली काढणारी बॅश स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली स्क्रिप्ट ठेवली गेली. बॅश पूर्ण स्क्रिप्ट एकदम वाचून घेत नाही, चालता चालता पुढचं वाचतं. त्यामुळे उरलेला भाग नव्या फाइलीतून वाचला गेला, त्यातले व्हेरिएबल रिकामे होते, आणि काढायच्या जुन्या लॉगऐवजी लोकांच्या फाइली निघाल्या. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या माणसाने चुकीच्या सर्व्हरवर ‘आरएम’ चालवलं, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. कामाला आला तो सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेला स्नॅपशॉट. तो दुसऱ्याच कामासाठी काढलेला होता. बॅकअप आहे म्हणणाऱ्याला विचारा, शेवटचा कधी उघडून पाहिलास?

फाइल उडूच नये म्हणून मी फार थोडं करते. मूळ डेटाच्या फोल्डरवरचा लिहिण्याचा हक्क काढून टाकते. फोल्डरवरचा, फाइलीवरचा नव्हे. फाइल फक्त-वाचनाची केली तरी ती काढता येते, कारण काढणं हा फोल्डरमधला बदल आहे. हे मला एमएस्सीला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्क्रिप्टमध्ये ‘सेट माइनस यू’ टाकते, म्हणजे किंमतच न दिलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट थांबते. हाताने काढताना ‘ट्रॅश-पुट’.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. शंभर मेगाबाइटची एक फाइल बनवा, तिच्यावर एक्स्टफोर तयार करा, ती माउंट करून तुमच्या विषयातल्या वीस फाइली तिच्यात टाका, काढून टाका, आणि मग त्या प्रतिमेवर फोटोरेक चालवा. अर्ध्या तासाचं काम आहे. परत आलेल्या फाइली मित्राकडे द्या आणि कुठली कोणती ते त्याला ओळखायला सांगा. तुमच्या फाइलींची अवस्था काय आहे ते लगेच कळेल.

माझी बरीचशी मोजमापं मी पुन्हा केली, यंत्राच्या रांगेत थांबून, जवळपास चार महिने. नऊ सॅम्पल मात्र मधल्या काळात दुसऱ्या चाचणीसाठी तोडलेले होते. त्यांचे वक्र त्या 152 मध्ये कुठेतरी असतीलही. माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात त्या नऊ ओळी नाहीत, आणि का नाहीत ते तक्त्याखाली दोन वाक्यांत लिहिलं आहे.